जुनी ‘इम्पोर्टेड’ गाडी आणि बाहेरून बसवलेली चाकं: टोकन देण्याआधी काय बघायचं?

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलण्यातलं ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युली’ थोडं कमी केलंय, बाकी जसंच्या तसं.)

सेकंड शिफ्ट सुटून घरी निघालेले, बसच्या शेवटच्या सीटवर बसलेले, जिममध्ये सेट मारता मारता ऐकणारे, सगळ्यांचं स्वागत.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. मेसेज साधारण असा असतो: “दादा, २०१५ ची सी-क्लास आहे. फर्स्ट ओनर. पांढरी गाडी, काळी एकोणीस इंची चाकं. बारा लाख सांगतोय. घेऊ का?” सोबत एक रील. रीलमध्ये गाडी हळूहळू वळते, कॅमेरा चाकावर जातो, मागे दणकट गाणं. आणि मेसेजच्या शेवटी अजून एक ओळ: “सहा लाख जमलेत, बाकी लोन करतोय.”

आता भोसरीत जे-ब्लॉकला नाहीतर एस-ब्लॉकला मशिनवर उभं राहून सहा लाख जमवायला किती वर्षं जातात, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. म्हणून आज जरा नीट बोलू.

आख्ख्या एपिसोडचं सार आधीच सांगतो. जुन्या लक्झरी गाडीवर बाहेरची चाकं दिसली, तर तो विकणाऱ्यासाठी दागिना असेल, तुमच्यासाठी तो प्रश्न आहे. मूळ चाकं का काढली? ही कोणी बसवली? कशी बसवली? या तीन प्रश्नांची उत्तरं शोधत गेलात, की गाडीचा निम्मा इतिहास आपोआप बाहेर येतो. आणि हे वाचायला भोसरीच्या पोरांइतकं लायक कोणी नाही. का, ते पुढे कळेल.

आधी एक शब्द: ‘इम्पोर्टेड’

आपल्याकडे मर्सिडीज, ऑडी, बीएमडब्ल्यू दिसली की आपण सरळ ‘इम्पोर्टेड गाडी’ म्हणतो. गंमत बघा. मर्सिडीज-बेंझची भारतातली कंपनी सुरू झाली १९९४ मध्ये. पहिल्या गाड्या जोडल्या गेल्या त्या आपल्या शेजारी, पिंपरीला, टेल्कोच्या आवारात. २००९ मध्ये कंपनीचा स्वतःचा कारखाना चाकणला सुरू झाला. म्हणजे ती २०१५ ची सी-क्लास बहुधा भोसरीपासून पंधरा-वीस किलोमीटरवर जोडली गेलीय. ऑडीच्या बऱ्याच गाड्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जोडल्या जातात, बीएमडब्ल्यूच्या २००७ पासून चेन्नईला, आणि जग्वार-लँड रोव्हरच्या काही गाड्या २०११ पासून पुण्यात.

याला म्हणतात सीकेडी. सुटे भाग परदेशातून येतात, जोडणी इथं होते. जी गाडी पूर्ण तयार होऊन जहाजातून उतरते ती सीबीयू. खरी इम्पोर्टेड ती. दोन्हींवर सीमाशुल्क वेगळं लागतं. चाळीस हजार डॉलरच्या वरच्या नव्या सीबीयू गाडीवर कित्येक वर्षं शंभर टक्के सीमाशुल्क होतं. म्हणजे जेवढ्याची गाडी तेवढाच कर.

आता बऱ्याच वेळा होतं असं, की गाडी चाकणची आणि परदेशातून आली असतात ती फक्त चाकं! चीनमधून येणारी ॲल्युमिनियमची चाकं इतकी स्वस्त होती, की भारत सरकारला गेल्या दशकात त्यांच्यावर अँटी-डम्पिंग ड्युटी लावावी लागली.

हा फरक नुसता गप्पांचा नाही, पैशाचा आहे. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल कारला किमतीनुसार ११ ते १३ टक्के एकरकमी कर लागतो, डिझेलला १३ ते १५ टक्के, आणि इम्पोर्टेड गाडीला सरळ २० टक्के. पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर एप्रिल २०२२ पासून साध्या कारला ५,००० रुपये फी आहे, इम्पोर्टेड कारला ४०,००० रुपये. वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ती १०,००० आणि ८०,००० झाली. म्हणून ‘इम्पोर्टेड आहे’ असं कोणी अभिमानानं सांगितलं, तर आपण शांतपणे विचारायचं, “सीबीयू का सीकेडी?” चासी नंबर १७ अक्षरांचा असतो. तो घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलात तर गाडी कुठं जोडली हेही कळेल आणि सर्व्हिसचा इतिहासही विचारता येईल.

कागद: इथं गडबड झाली तर गाडीच जाते

गाडी खरंच बाहेरून आलेली असेल आणि कंपनीऐवजी एखाद्या व्यक्तीनं आणलेली असेल, तर कस्टम्सची बिल ऑफ एंट्री बघितल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही. ड्युटी भरल्याचा पुरावा तोच.

का एवढं कडक? दोन घटना ऐका. जुलै २०२१ मध्ये डीआरआयनं, म्हणजे महसूल गुप्तचर संचालनालयानं, ‘ऑपरेशन मॉन्टे कार्लो’ केलं. परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांना गाडी ड्युटीशिवाय आणता येते. त्यांच्या नावावर महागड्या गाड्या आणायच्या, मणिपूरला नोंदणी करायची आणि भलत्यालाच विकायच्या, असा तो प्रकार होता. दुसरी घटना सप्टेंबर २०२५ ची. केरळमध्ये कस्टम्सनं ‘ऑपरेशन नुमखोर’ केलं. भूतानमधून चोरट्या मार्गानं आणल्याच्या संशयावरून गाड्या जप्त केल्या. अशा वेळी अधिकारी गाडी उचलतात ती आज जिच्या दारात उभी आहे तिथून. विकणारा केव्हाच पैसे घेऊन गेलेला असतो.

राजनैतिक गाडीचा सोडा, साध्या नोंदणीचा विषय बघा. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्शे गाडीनं दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. तपासात पुढं आलं, की त्या गाडीची कायमची नोंदणीच झाली नव्हती. राहिलेली फी किती? १,७५८ रुपये. कोटीच्या वरची गाडी, दोन हजारांच्या आतली फी, आणि गाडी रस्त्यावर. महागड्या गाडीचे कागदही पक्के असतील, हा समज डोक्यातून काढून टाका.

आता नेहमीचे मुद्दे भरभर.

आरसीवर जे नाव आहे, तोच माणूस समोर हवा. “मालक दुबईला असतो, टीटी फॉर्मवर सही करून ठेवलीय” हे ऐकलं की उठायचं. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं नाहरकत पत्र. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. आणि एमएच-१४ करून घेताना इथला कर किती बसेल, हे पिंपरी-चिंचवड आरटीओत आधी विचारून घ्यायचं, सौदा झाल्यावर नाही.

दिल्लीची डिझेल गाडी फार स्वस्त मिळते, हे तुम्ही पाहिलं असेल. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादानं बंदी घातली, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच धरलं. त्यामुळे नऊ-दहा वर्षांची डिझेल गाडी तिथून बाहेर पडायला बघते. गाडी वाईटच असेल असं नाही. पण स्वस्ताईचं कारण कळलं, की इथला कर, नवी नोंदणी आणि वाहतूक धरून हिशोब करता येतो.

नाव बदलणं तुमच्याइतकंच विकणाऱ्याच्याही फायद्याचं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलंय, की अपघाताच्या भरपाईत ज्याचं नाव आरसीवर, तोच मालक. त्यामुळे “बघू पुढच्या महिन्यात” म्हणणारा विकणारा एक तर अडाणी आहे, नाहीतर त्याला आरसीवर स्वतःचं नाव नाहीच.

आता चाकं. ड्रॉइंग वाचता येतं ना?

मघाशी म्हटलं, भोसरीच्या पोरांना हे सोपं आहे. कारण चाकाची भाषा ही तुमच्या शॉपफ्लोअरचीच भाषा आहे. पीसीडी, बोअर, रनआउट. व्हीएमसीवर फ्लँजला भोकं पाडणाऱ्याला पीसीडी काय असतो हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पीसीडी म्हणजे सगळ्या बोल्टच्या मध्यांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. त्या सी-क्लासचा आहे ५×११२. पाच बोल्ट, ११२ मिलिमीटर. बीएमडब्ल्यूच्या २०१२ ते २०१९ च्या थ्री सिरीजचा ५×१२०. आणि बाजारात ढीगभर मिळणारी चाकं आहेत ५×११४.३ ची, कारण क्रेटासकट कितीतरी कोरियन-जपानी गाड्यांचा तोच पीसीडी आहे.

११२ आणि ११४.३. फरक किती? व्यासात २.३ मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक भोक जागेपासून १.१५ मिलिमीटर सरकलेलं. दुकानदार म्हणतो, “बसतंय की!” बसतं, कारण बोल्ट किंचित तिरका होऊन आत जातो. पण तो बोल्ट आता ताणाबरोबर वाकही सोसतोय. तुमच्या क्वालिटीवाल्यानं सव्वा मिलिमीटर सरकलेली भोकं पास केली असती का? मग ताशी शंभरनं धावणाऱ्या चाकाला तुम्ही का पास करता?

दुसरा आकडा बोअर. चाकाच्या मधलं भोक गाडीच्या हबवर घट्ट बसायला हवं. मर्सिडीजचा आहे ६६.६ मिलिमीटर. बाहेरची चाकं सगळ्यांना बसावीत म्हणून मोठ्या बोअरची बनवतात, बऱ्याचदा ७३.१. म्हणजे मधे साडेसहा मिलिमीटरचा फरक, दोन्ही बाजूंना सव्वातीन-सव्वातीन. तो भरून काढायला एक रिंग लागते. प्लॅस्टिकची नाहीतर ॲल्युमिनियमची, फार महागही नसते. ती नसेल तर चाक मध्यावर येतंय का नाही हे फक्त बोल्टच्या भरवशावर. ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरतं, आणि विकणारा सांगतो, “बॅलन्सिंग करून घ्या, होऊन जाईल.” एक चाक खोलायला सांगा. रिंग आहे का नाही, दोन मिनिटांत कळतं.

तिसरा आकडा ऑफसेट, चाकावर ‘ईटी’ म्हणून कोरलेला असतो. चाक जिथं हबला टेकतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर आहे, ते हा आकडा सांगतो. समजा मूळ चाक सात इंच रुंद, ईटी ४८. नवीन चाक साडेआठ इंच रुंद, ईटी ३५. रुंदी दीड इंच वाढली, म्हणजे प्रत्येक बाजूला १९ मिलिमीटर. वर ऑफसेट १३ नं कमी झाला. चाकाची बाहेरची कड ३२ मिलिमीटर बाहेर आली. दिसायला भारी! चाक अगदी फेंडरच्या रेषेत.

पण घट्ट नट सुटत नसला की तुम्ही पान्याला पाइप लावता ना? दांडी लांब केली की तेवढ्याच जोरात जास्त पिळा बसतो. इथं तेच उलट्या बाजूनं होतं. चाक बाहेर गेलं, दांडी लांब झाली, आणि प्रत्येक खड्ड्याचा पिळा व्हील बेअरिंगवर आणि सस्पेन्शनच्या बुशवर बसला. म्हणून बाहेर आलेली चाकं दिसली की बेअरिंगचा आवाज ऐकायचा. ५०-६० च्या वेगात ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो आणि गाडी एका बाजूला वळवली की वाढतो किंवा कमी होतो, तर बेअरिंग गेलंय.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: बोल्ट

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना हबवर स्टड असतात आणि वरून नट. युरोपियन गाड्यांना उलटं असतं. बोल्ट सरळ हबमध्ये जातो. त्यामुळे दोन गोष्टी फार महत्त्वाच्या होतात.

पहिली, बोल्टची बैठक. मर्सिडीज, ऑडी, फोक्सवॅगन यांच्या मूळ बोल्टचं टोपीखालचं तोंड गोल असतं, चेंडूसारखं. बीएमडब्ल्यूचं शंकूसारखं. बाहेरची बहुतेक चाकं शंकूच्या बैठकीची असतात. आता शंकूच्या खड्ड्यात गोल तोंडाचा बोल्ट आवळला तर काय होईल? पूर्ण पृष्ठभाग टेकायच्या ऐवजी एक बारीक रेघ टेकेल. टॉर्क रेंच टिक वाजवेल, सगळं घट्ट वाटेल, आणि काही दिवसांनी ढिलं होईल. बोल्ट काढून बैठकीवर बोट फिरवा. एकच चकचकीत रेघ उठलेली दिसली तर बोल्ट चुकीचे आहेत.

दुसरी, लांबी. चाक जाड झालं किंवा मधे स्पेसर टाकला, तर बोल्टचे कमी आटे हबमध्ये जातात. बोल्ट हातानं फिरवत आत घाला आणि फेरे मोजा. तीन-चार फेऱ्यांत घट्ट झाला तर हात जोडून गाडी परत द्या. आणि डिकीत बघा. स्टेपनीचं चाक कंपनीचं असेल तर तिला लागणारे मूळ बोल्ट तिथं आहेत का? नसतील तर रात्री अकराला चाकण रस्त्यावर पंक्चर झाल्यावर स्टेपनी असून नसल्यासारखी.

टायर: दोन इंच रिम वाढली, की जाड कशाची कमी झाली?

त्या सी-क्लासचं एक मूळ माप २२५/५० आर १७. म्हणजे टायर २२५ मिलिमीटर रुंद, बाजूची उंची त्याच्या ५० टक्के, म्हणजे सव्वाअकरा सेंटीमीटरच्या जवळपास. चाकाचा एकूण व्यास ६५७ मिलिमीटर. एकोणीस इंची रिमवर २४५/३५ आर १९ टाकला तर एकूण व्यास ६५४. जवळजवळ तेवढाच. स्पीडोमीटरचा प्रश्न नाही. पण बाजूची रबरी भिंत सव्वाअकरावरून साडेआठ सेंटीमीटरवर आली. वीस इंची, २५५/३० चा टायर टाकला तर साडेसात.

खड्ड्याचा धक्का आधी हीच भिंत खाते. ती पातळ झाली की धक्का रिम खाते. मोशीपासून चाकणपर्यंत नाशिक रस्त्यानं किंवा पावसाळ्यात तळेगाव-चाकण रस्त्यानं रोज येणाऱ्यांना याहून जास्त काही सांगायला नको.

टायरवर अजून तीन गोष्टी वाचा. मापाच्या पुढचा दोन आकडी लोड इंडेक्स: ९४ म्हणजे एका टायरला ६७० किलो, ९१ म्हणजे ६१५. स्वस्तात रुंद टायर टाकताना हा आकडा कमी झालेला असतो. दुसरं, डीओटीच्या शेवटचे चार आकडे: ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी असली तरी टायर म्हातारा असू शकतो. तिसरं, आतली कड. स्टिअरिंग पूर्ण वळवा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि टायरची इंजिनकडची बाजू बघा. गाडी खाली बसवली असेल, अलाइनमेंट बिघडली असेल, तर बाहेरून टायर मस्त आणि आतून तारा दिसतात. रीलमध्ये ती बाजू कधीच दिसत नाही.

रिम वाकली, वेल्ड झाली, वरून रंग मारला

ॲलॉयची बरीच ओतीव चाकं ए३५६ या मिश्रधातूची असतात आणि ओतल्यावर त्यांना टी६ हीट ट्रीटमेंट देतात. त्यातूनच ताकद येते. आता वाकलेली रिम गॅसनं तापवून ठोकली किंवा तडा आर्गॉननं भरला, तर त्या जागची ट्रीटमेंट गेली. वरून काळं पावडर कोटिंग केलं की दिसायला शोरूमची. म्हणून चाक काळं असेल तर शंका थोडी जास्त घ्या, आणि आतून बघा. वेल्डची रेघ, ग्राइंडरचे ओरखडे, जागोजागी जाड रंग.

तुमच्यापैकी कुणाकडे डायल आणि मॅग्नेटिक स्टँड असेल तर घेऊन जा. गाडी लिफ्टवर, डायल रिमच्या आतल्या कडेला, चाक हातानं सावकाश फिरवा. काटा एक-दीड मिलिमीटर नाचला तर रिम वाकलेली आहे, वाद नाही. जी मोजणी तुम्ही रोज कंपनीच्या जॉबवर करता, ती स्वतःच्या पैशासाठी एकदा करा की राव!

चाकाच्या मागे कोरलेलंही वाचा. कंपनीचं नाव, माप, ईटी, किती भार सोसतं तो आकडा. जपानी चाकांवर ‘जेडब्ल्यूएल’, जर्मनीत मान्यता मिळालेल्यांवर ‘केबीए’ नंबर. भारतात चाकांसाठी आयएस १६१९२ हे मानक आहे. अशा मानकांमागे चाचण्या असतात: चाक वाकवत हजारो-लाखो फेरे फिरवायचं, भाराखाली पळवायचं, तिरकं ठेवून वरून वजन टाकायचं. आपल्या भोसरीतच नाशिक रस्त्यावर सीआयआरटी आहे, १९६७ पासूनची संस्था. वाहनांच्या सुट्या भागांच्या चाचण्या तिथं होतात. तुम्ही तिच्यासमोरून रोज जाता. ज्या चाकावर काहीच कोरलेलं नाही, नावसुद्धा नाही, ते या सगळ्यातून कधी गेलंय का, हे कोणालाच सांगता येणार नाही.

कायदा आणि इन्शुरन्स

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनासारखे बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही केरळच्या एका प्रकरणात कंपनीनं ठरवलेली मूळ रचना बदलता येणार नाही असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-ए आलं: बेकायदा बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि लक्षात घ्या, पकडलं जाताना मालक तुम्ही असता.

मग काय करायचं? सोपी लक्ष्मणरेषा आखा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत टायरच्या मापांचा स्टिकर असतो, मॅन्युअलमध्येही असतं. त्या मॉडेलला कंपनीनंच दिलेलं माप असेल तर ठीक. फेंडरच्या बाहेर आलेलं चाक, स्पेसर, घासणारा टायर, हे नको.

इन्शुरन्समध्ये कंपनीनं न दिलेल्या वस्तू वेगळ्या नोंदवाव्या लागतात. चाकं पॉलिसीत लिहिलेली नसतील तर चोरीला गेल्यावर त्यांचे पैसे मिळणं अवघड. पॉलिसी तुमच्या नावावर करायला १४ दिवसांत अर्ज करा. नाहीतर समोरच्याचं नुकसान पॉलिसीतून भरलं जाईल, तुमच्या गाडीचं नाही.

हिशोब

आता बारा लाखांकडे येऊ. नवी असताना चाळीस लाखांच्या घरातली गाडी बारा लाखांत मिळते, हे खरं. पण तिचा हेडलाइट, तिचा गिअरबॉक्स, तिचे कंट्रोल आर्म हे बारा लाखांच्या गाडीचे होत नाहीत. ते चाळीस लाखांच्या गाडीचेच राहतात. गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही.

माझा ठोकताळा असा आहे. सौद्याच्या रकमेचा पाव हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला हवा, आणि तो लोनचा नसावा. सहा लाख हातात असतील तर गाडीत तीनच घाला आणि बाकीचे शिल्लक ठेवा. त्यानं हप्ता डोईजड होत असेल, तर ती गाडी आज तुमची नाही. दोन वर्षांनी असेल. यात कमीपणा काही नाही. गुंठे विकून गाडी घेणाऱ्याशी पगारातून गाडी घेणाऱ्यानं बरोबरी करायची नसते.

आणि भाव करताना एक प्रश्न नक्की विचारा: “मूळ चाकं कुठायत?” घरात ठेवलीत आणि सोबत देतो म्हणाला, तर मालक गाडीची काळजी घेणारा आहे, आणि तुमचा परतीचा रस्ताही मोकळा आहे. विकली म्हणाला, तर चार मूळ चाकांची आणि टायरची किंमत काढा आणि भावातून वजा करा. आणि जर म्हणाला, “एक तुटलं होतं म्हणून बदलली,” तर थांबा. चाक तुटण्याएवढा धक्का बसला तेव्हा त्यामागचा आर्म, शॉकॉब्सॉर्बर, सबफ्रेम यांचं काय झालं? त्या कोपऱ्याचा फोर-व्हील अलाइनमेंटचा रिपोर्ट मागा. आकडे मर्यादेत येतच नसतील तर आत काहीतरी वाकलंय.

जाताना खिशात ठेवायची यादी

स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. आरसीवरचं नाव, बोजा, थकीत चलनं. एमपरिवहन ॲपवर, फोनवरच.
२. सीबीयू का सीकेडी. चासी नंबर घेऊन सर्व्हिस सेंटर.
३. थंड इंजिन स्वतः सुरू करा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या.
४. लिफ्टवर गाडी, एक पुढचं आणि एक मागचं चाक खोलून: पीसीडी, रिंग, बोल्टची बैठक, आट्यांचे फेरे, वेल्ड.
५. टायरची आतली कड, तारीख, लोड इंडेक्स.
६. स्कॅनर लावून सगळ्या कंट्रोल युनिटचे एरर.
७. खराब रस्त्यावर एक फेरी, आणि ऐंशीच्या वेगात एक. काच बंद, गाणी बंद.
८. मूळ चाकं.

चाक खोलू देणार नाही म्हणणारे बरेच भेटतील. “भाऊ, विश्वास नाही का?” म्हणतील. तेव्हा हसून सांगायचं, “विश्वास आहे हो, पण आमच्याकडे इन्स्पेक्शन झाल्याशिवाय माल आत घेत नाहीत.”

तुम्ही बघितलेल्या गाडीच्या चाकामागचा फोटो काढा आणि पाठवा. आकडे नीट दिसतील असा. निवडक फोटो घेऊन पुढच्या एपिसोडमध्ये एकेक वाचू. तोवर टोकन खिशातच ठेवा. भेटू!